सल्ला हवा: लातूरच्या क्लासेसवरच्या किशोर कादंबरीवरून दोन तासांचा प्रेमपट

तेरणाकाठ
हिंगोलीची मुलगी अकरावी-बारावीला लातूरला राहते, अशी कादंबरी आहे. २१२ पानं, सगळी तिच्याच तोंडून. एकीकडं 'नीट'ची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) तयारी, दुसरीकडं मेसचे डबे पोचवणारा मुलगा. काळ दोन वर्षांचा. लेखिकाबाई तोंडी 'हो' म्हणाल्यात. मनातलं एवढं बोलणं पडद्यावर कसं आणायचं? व्हॉइसओव्हर (दृश्यावर नुसता तिचा आवाज) चालेल का? आणि भाषा कुठली ठेवायची?

मन्याड
आधी कागद. तोंडी होकारावर एक ओळ लिहू नका. प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९ वाचा. करार लेखी आणि सहीचा लागतो. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे उद्या परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत खेळ लावायचा म्हटलं की अडकलात. सगळ्यात जास्त लोक फसतात ते त्याच कलमाच्या पोटकलम ४ मध्ये: घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसलं, तर ते संपतात. निर्माता शोधण्यातच वर्ष जातं. त्यामुळं 'वर्षभरात वापर झाला नाही तरी करार मुदतभर चालू राहील' हे वाक्य घालून घ्या. ओटीटी, डबिंग, रिमेक प्रत्येकाचं नाव घ्या. लेखिकेचा प्रकाशकाशी झालेला करारही मागून बघा, चित्रपटाचे हक्क कधी कधी तिकडंच गेलेले असतात.

पटकथा झाली की स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं नोंदवा. त्यानं तारखेचा पुरावा होतो, कादंबरीचे हक्क मिळत नाहीत. ह्या दोन्हींची गल्लत नको.

सिंदफणा
तेरणाभाऊ, व्हॉइसओव्हर चालतो, पण चार-पाच जागांवर. पुस्तकाची एक प्रत खराब करायची तयारी ठेवा. लाल पेन घ्या आणि 'मला वाटलं', 'मनात आलं', 'कळेना' अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. २१२ पानांत शे-दीडशे रेघा सहज निघतील. त्यातल्या निम्म्या सरळ सोडून द्यायच्या. उरलेल्यांसाठी दोघांच्या हातून होणारी एखादी कृती शोधायची.

तुमच्याकडं डबा आहे, हे नशीब समजा. मेसचा डबा बहुतेक पोरं खरकटाच परत देतात. हिचा एके दिवशी धुतलेला जातो. तो झाकण उघडतो, बघतो, काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तीनच्या जागी चार पोळ्या. पुस्तकातली पाच पानं इथं दीड मिनिटात होतात, आणि संवाद शून्य. पुढं भांडण दाखवायचं तर डबा पुन्हा खरकटा जाऊ द्या. फक्त हे तिसऱ्यांदा वापरताना अर्थ बदलायला हवा, नाहीतर प्रेक्षक पुढचं आधीच ओळखतो.

दोन वर्षांचं एक करा. जूनमध्ये बारावी सुरू, फेब्रुवारीत बोर्ड, मेच्या सुरुवातीला नीट. कॅलेंडरच ताण देतं, तुम्हाला वेगळा खलनायक लागत नाही. (बापाला खलनायक करायचा मोह होईल. करू नका. हप्त्यानं फी भरणारा बाप जास्त जड जातो.) मैत्रिणी तीन असतील तर एक ठेवा आणि तिघींची कामं तिलाच द्या.

लांबीचा हिशेब: दोन तासांना साधारण ५५ ते ६५ प्रसंग. 'एक पान म्हणजे एक मिनिट' हे इंग्रजी कूरियर टायपाच्या १२ पॉइंटांसाठी आहे. देवनागरीत फाँट आणि ओळींमधलं अंतर बदललं की तो हिशेब कोसळतो. मोठ्यानं वाचा, स्टॉपवॉच लावा, न बोलता होणाऱ्या हालचालींचा वेळ वेगळा मोजा.

शेवट निकालावर ठेवू नका. निकाल तिच्या हातात नाही. तिचा निर्णय निकालाच्या आधी घडवा.

तेरणाकाठ
डब्याचं एकदम पटलं. पण मैत्रिणी कमी केल्या तर वाचलेले लोक चिडतील की.

सिंदफणा
चिडू द्या. लेखिकेला मात्र आधी सांगा. पुस्तकातली कुठली तीन दृश्यं हात न लावता राहिली पाहिजेत, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

दुधना
भाषेबद्दल. 'मराठवाडी' नावाची एकच बोली धरून चाललात तर पहिल्याच संवादाला लातूरकर हसतील. लातूरकडं 'काय करलालास', परभणी-हिंगोलीकडं 'काय करायलास', नांदेडला 'करूलालास'. पोरगी हिंगोलीची आणि पोरगा लातूरचा आहे, तर हा फरकच प्रेमात वापरा. तिच्या तोंडी हळूहळू त्याचं क्रियापद येऊ द्या. सिंदफणाताई व्हॉइसओव्हरला चार-पाच जागा देतात, मी एकच देईन, आणि ती तिच्या बोलीत.

पटकथेत प्रत्येक शब्द बोलीत लिहिला की नट अडखळतात. क्रियापदं आणि हेल सांभाळा, बाकी साधं लिहा. आवाज जागेवरच रेकॉर्ड करा. स्टुडिओत डबिंगला गेलं की हेल सपाट होतो.

मन्याड
पात्रं १६-१७ ची आहेत, नट १८ पूर्ण झालेलेच घ्या. तरी पात्र अल्पवयीनच राहतं, म्हणून शारीरिक जवळीक पटकथेतच नको. नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्राचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे चित्रपट) वयानुसार ७+, १३+, १६+ असे तुकडे झालेत. तुमचा प्रेक्षक शाळा-कॉलेजचा, तेव्हा १३+ डोळ्यासमोर ठेवून लिहा.

कथेत तिचा धाकटा भाऊ असेल आणि त्याचं काम करणारा मुलगा १४ च्या आतला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, सलग ३ तासांच्या वर काम नाही, आणि मानधनाचे किमान २० टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. वेळापत्रक ह्या ५ तासांभोवती बसवावं लागतं, उलटं होत नाही.

तेरणाकाठ
पुस्तकात येळवस (वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण) आहे. तो तिला शेतात जेवायला नेतो.

दुधना
मग तारीख तीच ठरवते. मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. त्या दिवशी सगळं लातूर शेतात असतं, रस्ते ओस. ओस रस्ता आणि भरलेलं शेत असे मोठे शॉट खऱ्या दिवशीच घ्या, छोटं युनिट, संवाद नकोत, कारण गर्दी कॅमेऱ्यात बघणार. कोप (कडब्याची खोपी), भज्जी (त्या दिवशीची मिसळ भाजी), अंबील (ज्वारीच्या पिठाचं ताकातलं पेय) आणि दोघांचं बोलणं पुढच्या दोन-तीन आठवड्यांत उभं करा. तोवर कडब्याची कोप शेतमालकाला मोडू देऊ नका, नाहीतर आधीच्या शॉटशी जोड बसत नाही. मार्चवर ढकललंत तर ज्वारी काढलेली असते आणि मागं नुसतं रान दिसतं.