रात्रभर पडला तो ‘बर्फ’ की ‘हिम’?

प्रश्न : २०२१च्या जानेवारीत फिलोमेना वादळाने माद्रिदमध्ये १९७१नंतरचा सर्वांत मोठा हिमवर्षाव झाला, तेव्हा तेथे असलेल्या माझ्या भाचीने सांगितलेली हकीकत मी लिहून काढत आहे. ‘रात्रभर बर्फ पडला’ हे वाक्य वाचून दाखवताच कोल्हापुरात जन्म गेलेली माझी आई म्हणाली, ‘मग कौलं फुटली असतील की!’ येथे नेमका शब्द कोणता वापरावा?

उत्तर : आपल्या आईंची शंका रास्त आहे. आभाळातून पडणारे गोठलेले पाणी आपल्याकडे वळवाच्या पावसात गारांच्या रूपानेच भेटते, आणि ‘गार’ म्हणजे कठीण पांढरा दगडही. भुदरगड तालुक्यातील गारगोटीचे नाव आठवावे. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे मऊ हिमच, गोठलेल्या पाण्याला तेथे ‘यख’ म्हणतात. पण मराठीत आल्यावर तो शब्द लादीला आणि गोळेवाल्याच्या किसणीला चिकटला. संस्कृत ‘हिम’चेही तसेच झाले. ‘ग्राम’चे गाव आणि ‘नाम’चे नाव झाले त्याच रीतीने ‘हिम’चे हीव झाले, मात्र हीव भरते, हिवताप येतो, हिवाळा लागतो, यांत कोठेही हिम नाही, केवळ गारठा आहे. ‘तुषार’ हा संस्कृतात हिमकणांनाही लावला जाणारा शब्द तर आमच्या उसाच्या पट्ट्यात थेट तुषार सिंचनाच्या फवाऱ्यात गेला. जे कधी अंगावर पडले नाही, त्याचे शब्द लोकांनी हाताशी असलेल्या वस्तूंना देऊन टाकले, असे मला वाटते.

आपल्या लेखात पडताना ‘हिम’ लिहावे आणि ‘बर्फ’ पुढच्या प्रसंगासाठी राखावा, कारण साचलेले हिम नंतरच्या थंडीच्या लाटेत गोठून रस्ते निसरडे झाले, तो खरोखरच बर्फ होता. ‘हिमवर्षाव’ शीर्षकात शोभेल. भाचीच्या तोंडी मात्र तो बातमीपत्रासारखा वाटेल.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘रात्रभर हिम पडले’ असे वाचून दाखवल्यावर आईने विचारले, ‘म्हणजे दंव?’ त्यामुळे आता ‘हिम रात्रभर भुरभुरत राहिले आणि सकाळी दारात गुडघाभर साचले’ असे केले आहे. यावर तिने कौलांचा विषय काढला नाही.