छोट्या नाटकाला पीआर एजन्सी कशाला हवी?

विंगेतला उंदीर

आमचा प्रायोगिक नाटकांचा ग्रुप आहे. दहा-बारा जण, सगळे नोकऱ्या सांभाळून करणारे. गेल्या महिन्यात नव्या नाटकाचे पहिले दोन प्रयोग झाले, शंभरेक खुर्च्यांच्या हॉलमध्ये. दोघांनी हट्ट धरला म्हणून यंदा पहिल्यांदाच कलाक्षेत्रातली एक पीआर, म्हणजे प्रसिद्धीचं काम करणारी एजन्सी लावली. फी २० हजार, वर १८ टक्के जीएसटी. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, आमची नोंदणीही नाही, त्यामुळे त्याची वजावट मिळत नाही, ते ३६०० गेले ते गेलेच. प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राला आम्ही एका प्रयोगाचे दोन हजार देतो, आणि तेही तो लाजत घेतो.

मिळालं काय? तीन पेपरांत बातमी, तिन्हीकडे शब्द न शब्द तोच मजकूर. 'मानवी नातेसंबंधांचा वेध घेणारे नाटक.' अहो, आमचं नाटक पाण्याचं मीटर वाचत फिरणाऱ्या माणसावर आहे! दारात प्रेक्षकांना विचारलं, कुठून कळलं? बहुतेकांचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅप, नाहीतर ओळखीतून.

माझं मत सरळ आहे. छोट्या संस्थांनी यांच्या नादी लागू नये. कला आणि प्रेक्षक यांच्या मधोमध उभं राहून टोल घेणारी ही माणसं आहेत.

तिसरी घंटा

शंभर टक्के सहमत. पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू झालं की वेगळी प्रसिद्धी लागते का? भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हा कुठली एजन्सी होती? पुढे तो रमणबागेतून मुकुंदनगरला गेला तरी लोक सतरंज्या घेऊन मागोमाग गेलेच. माल चांगला असला की गिऱ्हाईक येतं.

प्रेसनोटवाली

मी त्या टोलनाक्यावर नोकरी करते. म्हणजे कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका टू बीएचकेमध्ये. बेडरूममध्ये स्टँडी रचून ठेवलेत आणि ओट्यावर प्रिंटर आहे. आम्ही चौघं. मॅडमनी स्वतः कॉलेजात पुरुषोत्तम केलंय. एक जण सतार शिकतो, म्हणून 'आलाप' आणि 'आलाप-जोड' यातला फरक ऑफिसात एकाला तरी कळतो. चौथा मुलगा पास वाटत शहरभर फिरतो, पेट्रोल बऱ्याचदा पदरचं.

२० हजारांत काय येतं ते सांगते. मराठी आणि इंग्रजी प्रेसनोट. मराठी पुन्हा दोनदा, एक युनिकोडमध्ये आणि एक श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये, कारण पेपरांच्या काही डेस्कवर अजून तेच चालतं. फाँट बदलताना गायकाच्या नावातलं अर्धं अक्षर उडालं तर शिव्या मला. मग प्रत्येक डेस्कला फोन, 'नोट मिळालीच नाही' म्हणून पुन्हा मेल, पुन्हा फोन. प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर पर्स ठेवून बसायचं, कारण बातमीदार मध्यंतरानंतर येणार असतात. बिल महिन्याने दिलं तरी लोक उपकार केल्यासारखे देतात.

आणि दादा, तुमची एजन्सी आमची होती का ते मला माहीत नाही, पण 'मानवी नातेसंबंधांचा वेध' हे वाक्य बहुतेक वेळा आम्ही लिहीत नाही. ग्रुपने पाठवलेल्या 'नाटकाविषयी'तच ते असतं. एकदा तपासा.

जुनी डायरी

मी बरीच वर्षं एका दैनिकात सांस्कृतिक बातम्या दिल्या, आता निवृत्त आहे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलतो.

तिसरी घंटा, एजन्सी नव्हती हे खरं. प्रसिद्धी नव्हती हे मात्र खोटं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले, म्हणजे दोन स्पर्धक नाटक कंपन्यांचे मुख्य नट, 'मानापमान' नाटकाच्या संयुक्त प्रयोगाला एकत्र उभे राहिले. त्याचा गाजावाजा काय आपोआप झाला? 'बालगंधर्व' हे नाव लोकमान्यांच्या तोंडून आलं अशी कथा आपण सगळेच सांगतो. आजच्या कुठल्या एजन्सीला अशी ओळ सुचेल? आणि शहराबाहेर बघा. नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात आणि राहुटीतला मॅनेजर आपल्या फडाचं कौतुक सांगतो. पीआर आणि बुकिंग एकाच खुर्चीत.

पण ताई, तुमच्या कामाने एक गोष्ट संपवली. पूर्वी निमंत्रण द्यायला कलावंत स्वतः कचेरीत यायचा. चहा व्हायचा, तो नाटकाबद्दल काहीतरी वेडंवाकडं बोलून जायचा आणि बातमी त्यातून निघायची. आता नोट येते आणि तशीच पानावर चिकटते.

अर्थात दोष आधी आमचा. डेस्कवर माणसं कमी केली, नाट्यपरीक्षणाची जागा आटली. जे काम पेपरच्या पगारी माणसाने करायचं ते आता एजन्सी करते, आणि त्याचे पैसे भरतो हा विंगेतला उंदीर. प्रेसनोट म्हणजे पेपरला मिळालेलं फुकटचं मनुष्यबळ आहे. टोल वसूल होतो हे खरंय, पण नाका कुणाचा ते नीट बघा.

डग्गा

मी तबल्याची साथ करतो. माझा राग पैशांवर नाही. मैफलीची बातमी येते, गायिकेचं नाव, राग, बंदिश, 'रसिक मंत्रमुग्ध', सगळं असतं. तबला कुणी वाजवला, हार्मोनियम कुणाची, पत्ताच नाही. मागच्या हिवाळ्यात तर फोटोत माझा उजवा हात आला होता, फक्त हात. आईने कात्रण ठेवलंय.

प्रेसनोटवाली

डग्गा, हे मात्र मनाला लागलं. नोटेत तुमचं नाव असतं हो, पण शेवटच्या परिच्छेदात, आणि जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. हे माहीत असूनही आम्ही साथसंगत खालीच लिहितो, कारण पहिल्या चार ओळींत दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते, प्रमुख पाहुणे कोण आणि प्रायोजक कोण हे बसवायचं असतं. आयोजकांचा फोन त्यासाठीच येतो.

तिसरी घंटा

म्हणजे आयोजक सांगतील तसं लिहायचं. मग तुम्ही कलेसाठी काम करता हे म्हणायचं कशाला?

प्रेसनोटवाली

बिल आयोजक भरतात. मॅडम भांडतात, कधी जिंकतात. मी नवीन असताना पाहुण्याचं नाव तिसऱ्या ओळीत टाकलं, तर पुढच्या वर्षी ते काम दुसरीकडे गेलं. आता मी पळवाट काढते. साथीदारांची नावं फोटोखालच्या ओळीत घालते, कारण फोटो लागला की सहसा त्याची ओळही लागते.

जुनी डायरी

ही युक्ती खरी आहे. फोटोओळ कापायला हात धजत नाही.

विंगेतला उंदीर

मेल उघडून बघितला. 'मानवी नातेसंबंधांचा वेध' आमच्याच फाइलमध्ये आहे. रात्री दीड वाजता मीच लिहिलं होतं. एजन्सीला आज फोन करून तेवढं कबूल केलं.

तरी २० हजारांवर मी ठाम आहे. आमच्या शंभर खुर्च्यांना तो खर्च झेपत नाही. काकांचं म्हणणं पटलं, पण पेपरने माणसं कमी केली त्याची भरपाई आम्ही का करायची? पुढच्या प्रयोगाची नोट मी स्वतः लिहिणार आणि डेस्कवर स्वतः नेऊन देणार. ताई, ते श्रीलिपीचं कसं करतात तेवढं सांगाल का?

प्रेसनोटवाली

कन्व्हर्टर मिळतो. त्यातून काढल्यावर 'दुसऱ्या'मधला र डोळ्यांनी तपासा, तोच पहिला मोडतो. पहिल्याच वाक्यात मीटर वाचणारा माणूस येऊ द्या. आणि सकाळी जाऊ नका, साडेचारनंतर जा.

डग्गा

आणि प्रकाशयोजनावाल्याचं नाव फोटोखाली.