मदत हवी आहे: खासदारांनी मांडलेली खासगी विधेयकं आणि मतदानाची नोंद

आमच्या वाचनालयाच्या फलकावर लावायला लोकसभेतल्या आमच्या खासदारांच्या कामाचं एक पान बनवतोय. कौतुक नको, टीकाही नको, फक्त नोंदी.

पीआरएस या संसदेच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवरून हजेरी, प्रश्न आणि चर्चांची संख्या घेतली. (मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत हे माहीत आहे, आमचे खासदार मंत्री नाहीत.) मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रातून मिळाली. खासदार निधीचं नंतर बघू.

अडलंय ते खासगी विधेयकांवर, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकांवर. त्यांची १७व्या लोकसभेतली विधेयकं सभागृह विसर्जित झाल्यावर व्यपगत झाली, म्हणजे आपोआप संपली, इथवर समजलं. पण १८व्या लोकसभेच्या यादीत त्याच विषयाचं एक विधेयक दिसतंय, नाव जवळपास तेच, फक्त साल आणि क्रमांक वेगळा. जुनंच पुन्हा मांडलंय की मसुदा बदललाय? दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवून कलम ३ पर्यंत आलो आणि डोळे गेले. शिवाय मांडण्याची नुसती सूचना (नोटीस) दिलेलं आणि प्रत्यक्ष मांडलेलं विधेयक यांची गल्लत नकोय.

दुसरं, मतदान. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात, तिथे नावनिशी नोंदच नसते, मान्य. पण मतविभाजन (कोणी कुठल्या बाजूने मत दिलं याची मोजणी) झालं तिथली नावं कार्यवाहीच्या शेकडो पानांत पुरलेली असतात. पान पान उलटून एकच दिवस सापडला.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे, पैसे भरायचं साधन नको. तर खासदाराच्या नावावरून मतविभाजनातलं मत शोधायची काही सोय आहे का, आणि विधेयक कधी मांडलं याचा पक्का पुरावा कोणत्या कागदाचा धरायचा?