मुंबईच्या रहदारीत पुढच्या गाडीपासून अंतर राखायचे तरी कसे?

पार्लेकर:
विलेपार्ल्याहून ठाण्याला मी रोज स्वतःच्या गाडीने जातो. पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर असावे हे मान्य आहे. परंतु पश्चिम द्रुतगती महामार्गावर किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर जरा जागा सोडली की तिथे लगेच एखादी रिक्षा घुसते, मला पुन्हा वेग कमी करावा लागतो आणि मागचे हॉर्न वाजवत राहतात. नेमके किती अंतर ठेवावे आणि ते टिकवावे कसे, याबद्दल अनुभवी चालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना चालक, मुलुंड:
अंतर मीटरमध्ये मोजण्याच्या भानगडीत पडू नका, ते सेकंदांत मोजा. पुढच्या गाडीने दिव्याचा एखादा खांब ओलांडला की मनातल्या मनात सावकाश सेकंद मोजायला लागावे. आपण त्याच खांबापाशी दोन सेकंदांच्या आत पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत असे समजावे. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे अंतर सुमारे ३३ मीटर होते आणि ताशी ८० ला ४४ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एखादा सेकंद निघून जातो, आणि ब्रेक लागल्यानंतर गाडी जितके अंतर कापून थांबते ते वेग दुप्पट झाल्यास चौपट होते. पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेले तेल पाण्याबरोबर वर येते व चाके घसरतात, तेव्हा चार सेकंदही जास्त नाहीत.

राहिला प्रश्न घुसणाऱ्यांचा. एक गाडी पुढे शिरली की आपले फार तर दोन सेकंद जातात. ठाणे येईपर्यंत तीस जण शिरले, तरी एकच मिनिट. तेवढ्यासाठी पुढच्याच्या बंपरला चिकटून जाणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

सायनकर:
पुढचे वाहन अचानक थांबले तरी धडक टळेल इतके अंतर ठेवणे ही मागच्या चालकाची जबाबदारी आहे, असे १९८९ च्या रस्ते नियमांतही स्पष्ट होते. त्यामुळे ‘त्याने एकदम ब्रेक मारला’ ही सबब सहसा चालत नाही.

पार्लेकर:
आभारी आहे. मात्र मागचाच आपल्याला चिकटून येत असेल, तर काय करावे? तसेच गाड्या मुंगीच्या गतीने सरकत असताना सेकंद कसे मोजणार?

जुना चालक, मुलुंड:
मागचा चिकटला असेल, तर आपण पुढचे अंतर आणखी वाढवावे, म्हणजे कचकन ब्रेक लावण्याची वेळ येत नाही आणि त्यालाही सावरायला अवधी मिळतो. संधी मिळताच डावीकडच्या लेनमध्ये जाऊन त्याला वाट द्यावी. रांगेत उभे असताना सेकंदांचा हिशेब सोडा. पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली आपल्या जागेवरून दिसली पाहिजेत, इतकी जागा पुरते. उड्डाणपुलाच्या चढावर मात्र अधिक सोडावी, कारण हँडब्रेक न लावता क्लच सोडणाऱ्यांची गाडी हातभर मागे येते.