पीसीओएसमध्ये पूरके घ्यावीत का आणि कोणती?

प्रश्न

मला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोनच्या असंतुलनाचा अंडाशयांशी संबंधित विकार) असल्याचे निदान झाले असून पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, केस बरेच गळतात आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन (इन्सुलिनचा परिणाम सुधारणारे औषध) सुरू केले आहे. इनोसिटॉल, ड जीवनसत्त्व, क्रोमियम आणि बायोटिन एकत्र असलेली गोळी जोडीला घ्यावी, असे मैत्रिणी सुचवतात. यांपैकी कशाचा खरोखर उपयोग होतो?

प्रतिसाद १

एकत्रित गोळी मी टाळेन, कारण तिच्यात प्रत्येक घटकाची मात्रा अपुरी असू शकते आणि गुण किंवा त्रास कशामुळे झाला हे कळत नाही. पीसीओएसमध्ये अनेकींच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे इन्सुलिन वाढते आणि अंडाशयात अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) जास्त तयार होते. इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत पोहोचवण्यात इनोसिटॉलचा वाटा असल्याने त्याचा विचार झाला. अभ्यासांत मायो-इनोसिटॉल बहुधा दिवसाला ४ ग्रॅम, दोन भागांत दिलेले आढळते. मात्र २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्याचा अपाय कमी असला, तरी बीजोत्सर्ग (अंडाशयातून बीज बाहेर पडणे), अनावश्यक लव आणि वजन यांवरील फायदाही मर्यादित आहे. म्हणून ते मेटफॉर्मिनच्या जागी घेऊ नये. क्रोमियमचा पुरावा याहून तोकडा आहे. ड जीवनसत्त्व रक्ततपासणीत कमी आढळले तरच भरून काढावे. ते प्रमाणाबाहेर घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि नेमकी हीच तपासणी पुष्कळदा राहून जाते.

प्रतिसाद २

मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून बायोटिनविषयी आग्रहाने लिहीत आहे. हार्मोनच्या अनेक चाचण्यांच्या रसायनात बायोटिनच वापरलेले असते, त्यामुळे रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतील हार्मोन) खोटे कमी, तर टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त दिसू शकते, आणि पीसीओएसच्या उपचारात याच आकड्यांवर निर्णय होतात. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. केसांच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असते. घेत असाल तर तपासणीपूर्वी किमान दोन दिवस, डॉक्टरांना विचारून, थांबवावे आणि रक्त देताना तसे आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. बी-१२ ची तपासणी करून घेते. पुढील वर्षी गर्भधारणेचा विचार आहे. त्यासाठी आतापासून काही घ्यावे का?

प्रतिसाद १

फॉलिक ॲसिड, दररोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून. मधुमेह किंवा अन्य काही कारण असल्यास डॉक्टर मात्रा वाढवतात. पाळी अनियमित असली तरी बीजोत्सर्ग अधूनमधून होतो आणि मेटफॉर्मिनने तो सुधारूही शकतो, तेव्हा लवकर सुरू केलेले बरे. बर्बेरिन (एक वनस्पतिजन्य घटक) असलेली पूरके मात्र या काळात घेऊ नयेत. पाळी तीन महिने आलीच नाही, तर पूरकांच्या भरवशावर न थांबता डॉक्टरांना भेटा, कारण गर्भाशयाचे अस्तर सतत वाढत राहणे धोक्याचे असते आणि त्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारखे औषध द्यावे लागते.