लॅबमधले 30 पीसी, विंडोज 10 चा सपोर्ट संपलेला आणि प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर. कुठून सुरुवात करू?

कृष्णाकाठ_लॅब (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत विज्ञान विभागात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. मूळची केमिस्ट्रीची. कॉम्प्युटर बघणारे सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही आणि कॉम्प्युटर लॅबही माझ्याकडे आली. फिजिक्स, मॅथ्स, स्टॅट्स आणि केमिस्ट्री, चौघांची प्रॅक्टिकल्स याच एका लॅबमध्ये होतात.

30 पीसी आहेत. त्यातले 22 चौथ्या पिढीचे आय-3, रॅम 4 जीबी, साधी हार्ड डिस्क. उरलेले 8 नंतर आलेले, ते विंडोज 11 घेतात. जुन्या 22 वर विंडोज 10 आहे आणि त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाला. मशीन चालू करून पायथन उघडेपर्यंत पाव तास जातो. एका मशीनवर पायथनचं एक व्हर्जन, शेजारच्यावर दुसरं, तिसऱ्यावर नमपाय ही पायथनची गणिताची लायब्ररीच नाही. पेन ड्राइव्हमधून शॉर्टकटचा व्हायरस येतो तो वेगळाच. सुट्टीत एकेक मशीन घेऊन फॉरमॅट मारते, पण शेवटच्या मशीनपर्यंत पोचते तोवर पहिली परत बिघडलेली असतात.

एका पुरवठादाराने सगळेच 30 बदलायचं कोटेशन दिलंय. दुसरा म्हणतो लिनक्स टाका, फुकट आहे. विभागप्रमुख मॅडम म्हणतात, तुम्ही ठरवा आणि लेखी द्या. पुढच्या महिन्यात एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येणार आहेत.

अजून दोन गोष्टी आहेत. फिजिकल केमिस्ट्रीच्या लॅबमधला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर विंडोज एक्सपीच्या पीसीला सिरीयल केबलने जोडलाय. त्या पीसीचं घड्याळ रोज मागे जातं. तो बंद पडला तर एम.एस्सी.च्या पोरांचे प्रोजेक्ट अडकतील. आणि आमची कॉम्प्युटर लॅब तळमजल्यावर आहे. सांगलीतल्यांना याचा अर्थ सांगायला नको.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.


माहुलीकर (सातारा)

ताई, आधी परीक्षा होऊ द्या. तोपर्यंत एकाही मशीनची सिस्टीम बदलू नका, कुणीही कितीही आग्रह केला तरी. आत्ता फक्त इतकं करा: 30 पैकी बरी चालणारी मशीन निवडा, त्यांच्यावर परीक्षेला लागतं तेवढंच ठेवा, अपडेट थांबवून ठेवा, आणि तीन मशीन राखीव म्हणून बाजूला काढा. परीक्षेच्या दिवशी स्विचमधून बाहेर जाणारी केबल काढली की इंटरनेट बंद होतं आणि लॅबमधलं नेटवर्क चालू राहतं. बाकी सगळं परीक्षेनंतर.

मी साताऱ्यात विज्ञान विभागाच्या लॅब सांभाळण्यातच नोकरी काढली, आता निवृत्त आहे. या कामात मी एकच कसोटी धरली: पोरगं कुठल्याही खुर्चीत बसलं तरी त्याला समोर तेच दिसलं पाहिजे आणि त्याचा प्रोग्राम तसाच चालला पाहिजे. खेड्यातून येणाऱ्या कितीतरी मुलांना कॉम्प्युटरला हात लावायला मिळतो तो फक्त प्रॅक्टिकलच्या वेळात. त्यातला पाव तास मशीनने खाल्ला तर तो त्यांना परत कुठे मिळणार? घरी लॅपटॉप असलेला मुलगा रात्री भरून काढतो. दुसऱ्याचं नुकसान कुठल्याही कागदावर दिसत नाही. म्हणून मला हे काम कधी दुय्यम वाटलं नाही, तुम्हीही ते तसं समजू नका.

एकेक मशीन फॉरमॅट मारणं आधी बंद करा. एकच मशीन मनापासून तयार करायचं आणि बाकीच्यांवर त्याची नक्कल उतरवायची. नकलेसाठी क्लोनझिला वापरा, फुकट आहे. त्याच्या सर्व्हर आवृत्तीतून स्विचवरून एकाच वेळी सगळ्या मशीनवर इमेज (म्हणजे संपूर्ण डिस्कची नक्कल) जाते. तेवढी जुळवाजुळव नको वाटली तर यूएसबी हार्ड डिस्कवरून एकेक करा, तेही फॉरमॅटपेक्षा कितीतरी सोपं पडतं.

जुन्या 22 मशीनना विंडोज 11 मिळणार नाही, त्याला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. पण ती टाकाऊ नाहीत. त्यांचा जीव जातोय तो हार्ड डिस्कपायी. प्रत्येकात एक एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि 4 जीबीची आणखी एक रॅम घाला. चौथ्या पिढीला सहसा डीडीआर-3 लागते, तरी बोर्ड उघडून बघूनच मागवा. एसएसडी सगळ्या एकाच आकाराच्या घ्या. 256 जीबीवर बनवलेली इमेज 240 जीबीवर सरळ उतरत नाही, आणि पुरवठादार 'सारखंच आहे' म्हणून मिसळून देतात.

त्यावर डेबियन 13 हे लिनक्स टाका, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसकट. ते ऑगस्ट 2025 मध्ये आलंय आणि पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात, म्हणजे एक बॅच बी.एस्सी. ते एम.एस्सी. होईपर्यंत. पायथन, नमपाय, ज्युपिटर, सायलॅब, ऑक्टेव्ह, आर, सीचा कंपायलर, अव्होगाड्रो, सगळं मोफत आहे. मूळ मशीन तयार झालं की चारही विषयांच्या शिक्षकांना त्यावर बसवा आणि आपापल्या जर्नलमधला प्रत्येक प्रयोग शेवटपर्यंत करून बघायला लावा. यात सवलत देऊ नका. 'चालेल हो' म्हणणाऱ्या सरांचाच एखादा प्रोग्राम परीक्षेत अडतो.

इमेज काढण्याआधी एक बारीक काम करायचं असतं, ते कुणी सांगत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक मशीनची एक मशीन-आयडी असते. ती तशीच ठेवून नक्कल केली तर सगळी मशीन स्वतःला एकच समजतात आणि कधीकधी दोघांना एकच आयपी मिळतो. मग लॅबमधली दोन मशीन आळीपाळीने नेटवर्कवरून गायब होतात आणि माणूस केबल बदलत बसतो. म्हणून मूळ मशीनवरची ती फाइल रिकामी करूनच इमेज काढा, नक्कल पहिल्यांदा चालू झाली की नवीन आयडी आपोआप बनते. एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करण्याच्या) किल्ल्याही प्रत्येक मशीनवर नव्याने तयार करा. मशीनचं नाव आणि कॅबिनेटवर चिकटवलेला नंबर एकच ठेवा. 'मॅडम, 17 चालत नाही' म्हटलं की तुम्हाला जागेवरून कळलं पाहिजे.

विद्यार्थ्यांना एकच लॉगिन द्या. त्याचं फोल्डर मशीन चालू होताना मूळ प्रतीवरून आरसिंक या प्रोग्रामने पुन्हा स्वच्छ करून घ्या. कुणी काहीही बदललं असलं तरी दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर. मात्र पोरांचं काम पुसलं जाता कामा नये. एका जुन्या पीसीचा सर्व्हर करा, त्यात दोन डिस्क लावून एकीची नक्कल दुसरीवर चालू ठेवा, आणि हजेरी क्रमांकाप्रमाणे जर्नलचं फोल्डर त्यावर द्या. पेन ड्राइव्हची गरजच राहत नाही. पहिले दोन आठवडे फळ्यावर ठळक लिहून ठेवा: काम जर्नलच्या फोल्डरमध्येच सेव्ह करा.

वर्षाच्या मध्ये एखादं पॅकेज सगळीकडे टाकायचं झालं तर ॲन्सिबल शिकून घ्या. एका जागेवरून एका आज्ञेत 30 मशीनवर काम होतं. केमिस्ट्री केलेल्या माणसाला ते अवघड जात नाही, कारण लिहायची पद्धत प्रयोगाच्या कृतीसारखीच क्रमाने असते.


मिरज_फिजिक्स

माहुलीकर काकांचं बहुतेक सगळं पटलं, फक्त सगळीकडे लिनक्स हे पटत नाही. मी शिकवतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. नवीन 8 मशीनवर विंडोज 11 राहू द्या. आमच्याकडे एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखांसाठी वापरतो ते सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि पोरांना बाहेर नोकरीत एक्सेलच भेटतं. दोन्हीची सवय असलेली बरी. जुन्या मशीनपैकी एखादं विंडोज 10 वर ठेवणं अगदीच भाग पडलं तर शैक्षणिक संस्थांना वाढीव सुरक्षा अपडेट विकत घेता येतात: मशीनमागे पहिल्या वर्षी 1 डॉलर, दुसऱ्या वर्षी 2, तिसऱ्या वर्षी 4. संस्थेचा परवाना त्याला पात्र आहे का हे आधी विचारून घ्या.

दुसरं शिक्षकांबद्दल. लॅब कितीही नीट लावली तरी सरांना नव्या डेस्कटॉपवर फाइल सापडली नाही की ते पोरांसमोर अवघडतात, आणि पुढच्या वर्षी 'जुनंच बरं होतं' असा अर्ज येतो. मे महिन्यात त्यांच्यासाठी वेगळे दोन दिवस ठेवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, पायथन, सायलॅबचे धडे आहेत, त्यातले बरेच मराठीत ऐकता येतात. ते डाउनलोड करून सर्व्हरवर ठेवा, नेट नसलं तरी चालतात.

आणि लॅबमध्ये लिनक्स येणारच असेल तर फिजिक्सवाल्यांना एक्सपाइज घ्यायला सांगा. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने बनवलेला छोटा डबा आहे, यूएसबीने जोडला की त्याच पीसीवर ऑसिलोस्कोप आणि सिग्नल जनरेटर मिळतो. आरसी सर्किटचा कपॅसिटर डिस्चार्ज होतानाचा वक्र पोरगं स्वतः काढतं आणि तिथेच पायथनमध्ये फिट करतं. मी हे वर्गात करून घेतो. त्या दिवशी कुणालाही वेळ संपल्याची आठवण करून द्यावी लागते.


कराड_इन्स्ट्रुमेंट

फक्त स्पेक्ट्रोफोटोमीटरबद्दल लिहितो, कारण त्यात घाई केली तर परत मिळवता येत नाही.

घड्याळ मागे जातंय म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर 2032, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पण आज जाऊन तो बदलू नका. सेल काढला की बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग मूळ पदावर जातात. बऱ्याच बोर्डांवर डिस्कचा मोड आयडीईवरून एएचसीआयवर उडी मारतो आणि एक्सपी निळा पडदा दाखवून थांबतं. मग सगळे समजतात डिस्क गेली. प्रत्यक्षात डिस्क ठणठणीत असते.

क्रम असा ठेवा. मोबाइलवर बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो. मग क्लोनझिलाने संपूर्ण डिस्कची इमेज, दोन ठिकाणी ठेवायची. ती इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवून त्या डिस्कवरून यंत्र चालतंय का बघायचं, पोटॅशियम डायक्रोमेटचा नेहमीचा स्पेक्ट्रम काढून. हे झाल्याशिवाय इमेज आहे असं म्हणू नये. त्यानंतर सेल. सॉफ्टवेअरची सीडी असेल तर तिची आयएसओ प्रत काढा. पीसीच्या मागे हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) लावलेला असेल तर त्याला हात लावू देऊ नका, तो हरवला तर सॉफ्टवेअर उघडणारच नाही.

एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. नेटवर्कची केबल त्या पीसीला अजिबात नको, वायफायचा डोंगलही नको. डेटा काढायला एकच ठरलेला पेन ड्राइव्ह ठेवा, तो आधी लिनक्सच्या मशीनवर रिकामा करून घ्यायचा. यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावून नवीन पीसी जोडायचा सल्ला कुणीतरी देईलच. काही यंत्रांना चालतो, काही मध्येच डेटा सोडतात. खरा सिरीयल पोर्ट असलेला एखादा जुना बोर्ड भंगारात जाऊ न देता जपून ठेवा.


कृष्णाकाठ_लॅब (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. सेल मी या आठवड्यातच बदलणार होते, तो आता थांबवला. मॅडमना टिपण देतेय: 22 एसएसडी, 22 रॅम, नवीन मशीन एकही नाही, काम परीक्षेनंतर. 8 मशीन विंडोजवर राहतील.

काका, पुराचं आणि जुन्या सामानाचं काय करू? स्टोअरमध्ये बंद पडलेले सीआरटी मॉनिटर आणि डबे भरलेत, डेड स्टॉकवर (संस्थेच्या वस्तूंच्या रजिस्टरवर) सगळं चढवलेलं आहे. नवीन डिस्क ठेवायलाही जागा नाही.


माहुलीकर (सातारा)

ताई, टिपणात सर्व्हर आणि मुख्य स्विच वरच्या मजल्यावर हलवण्याची मागणीही घाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तेवढं पाणी आलं तर तळमजल्यावर टेबलाची उंची कामाची नाही. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. कोयना धरणाचा विसर्ग आणि पुलाची पातळी दोन्ही रोज बघत जा, आणि 40 ला पोचण्याच्या आतच सीपीयू वर जातील असं लेखी ठरवून घ्या: कुणी उचलायचे, कुठल्या खोलीत ठेवायचे, किल्ली कुणाकडे. मॉनिटर आणि केबल राहिल्या तरी चालतील, सीपीयू आधी. इमेजची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. भिजलेलं मशीन पूर्ण वाळून उघडून तपासेपर्यंत कुणालाही 'चालतंय का बघू' म्हणून बटण दाबू देऊ नका.

पाण्याइतकाच त्रास वळवाचा. एप्रिल-मेमध्ये वीज कडाडली की दोन इमारतींमधून बाहेरून ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून स्विचचे पोर्ट जळतात. तेवढा पट्टा फायबरचा करून घ्या आणि अर्थिंग मोजून घ्या. युपीएसच्या बॅटऱ्यांवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा.

डेड स्टॉकचं काम लांब आहे, म्हणून आजच सुरू करा. निर्लेखनाची (रजिस्टरमधून वस्तू कमी करण्याची) यादी रजिस्टरमधल्या नोंदींप्रमाणे करा, प्रत्येक वस्तूसमोर नादुरुस्त असल्याचा शेरा आणि समितीच्या सह्या. यादी करताना सगळे डबे उघडा. चालू एसएमपीएस (पीसीला वीज देणारा भाग), डीडीआर-3 रॅम आणि सिरीयल पोर्टवाला बोर्ड निघाला तर तो सुटा भाग म्हणून नोंदवून ठेवा. कराडवाल्यांनी सांगितलेला बोर्ड कदाचित तुमच्याच स्टोअरमध्ये असेल. हार्ड डिस्क मात्र पुसल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका, त्यांत विद्यार्थ्यांचे गुण आणि पत्ते असतात. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्याप्रमाणे माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचा आणि त्याची पावती रजिस्टरला जोडायची. रद्दीवाला जास्त पैसे देतो म्हणून लेखा विभागातून फोन येईल. त्यांना नियमाची प्रत आधीच पाठवून ठेवा.