मे महिन्यात स्काउट-गाइडच्या मुलांना आठ दिवसांच्या कॅम्पला कुठे न्यावं? (खान्देशातून)

चोपड्याचा स्काउटर
नमस्कार मंडळी. आमच्या हायस्कूलचं स्काउट-गाइड पथक माझ्याकडे आहे. सातवी ते नववीची मुलं-मुली, बऱ्याच जणांचं द्वितीय सोपान (स्काउटिंगची दुसरी पायरी) झालंय. आजवर शाळेच्या मैदानावरचा मुक्काम आणि जिल्हा मेळावा, एवढंच झालं. यंदा परीक्षा संपल्यावर सलग आठ दिवस बाहेर काढायचं मनात आहे. जाहिराती ढीगभर येतात. झिपलाइन, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं), रेन डान्स, तीन वेळ बुफे! पण निम्मे पालक शेतमजूर, त्यामुळे खर्च बेताचा हवा. तोरणमाळ, पाल, पाटणादेवी की थेट मध्य प्रदेशातलं पचमढी?

सातपुडा भटक्या
सर, जागा सगळ्यात शेवटी ठरवा. आधी सांगा, स्वयंपाक कोण करणार? आचारी करणार असेल तर सरळ सहल म्हणा आणि दोन दिवसांत परत या. संघनायकाने (मुलांच्या छोट्या गटाच्या म्होरक्याने) बाजाराची यादी काढायची, पैशांचा हिशेब ठेवायचा, आपल्या संघाला जेवू घालायचं, यासाठीच आठ दिवस लागतात. 1907 साली स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हा मुलं होती सुमारे 20, आणि तीही चार संघांत वाटलेली.

पहिले दोन दिवस घरची आठवण. तिसऱ्या दिवशी भांडी कोणी घासायची यावरून जुंपते. त्यानंतर कुठे संघ जुळतो. तयार पॅकेजमध्ये तासातासाला नवा खेळ असतो, मुलांना भांडायलासुद्धा सवड मिळत नाही.

नंदुरबारकर
दिवाळीनी सुट्टीमा लई जा ना भाऊ. मे महिनामा पोरेसले भाजशात का?

चोपड्याचा स्काउटर
दिवाळीत कापूस वेचणी असते, भाऊ. माझे अर्धे संघनायक शेतात असतात. मे महिनाच हाती आहे.

रावेरचा केळीवाला
मग सपाटीवर तंबू टाकायचं डोक्यातून काढा. आमच्याकडे पारा 45 ओलांडतो, दुपारी तंबूत माणूस बसू शकत नाही.

पाल तुम्हाला जवळ आहे, सुकी नदीवरचं गारबर्डी धरणही तिथून जवळच. पण तो यावल अभयारण्याचा भाग. वनविभागाची लेखी परवानगी काढावी लागेल, आणि 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ धरतात. सागाचा वाळलेला पाचोळा गुडघाभर असतो, एक ठिणगी पुरे. म्हणजे जंगलात शेकोटी कार्यक्रम नाही की बिनभांड्याचा स्वयंपाक नाही. निखाऱ्यात वांगं भाजायचं असेल तर ते एखाद्या शाळेच्या उघड्या पटांगणात, पाण्याच्या बादल्या भरून ठेवून. पाटणादेवीचंही तेच, ती गौताळा अभयारण्यात येते. शिवाय मे महिन्यात तिथल्या केदारकुंडात धबधबा शोधत बसावं लागेल. तिथे पावसाळा सरल्यावर जा, पितळखोरा लेणी आणि कन्हेरगड दोन्ही नीट बघून होतील.

मुक्कामासाठी आश्रमशाळा बघा. सुट्टीत इमारती रिकाम्या असतात. जळगाव जिल्ह्यासाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यावलला आहे, तिथे शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या.

गाइड कॅप्टन
मुली नेताय ना? मग गाइड कॅप्टन (मुलींच्या पथकाची शिक्षिका) मुक्कामी हवीच, दिवसा येऊन-जाऊन करणारी नको. जागा बघायला जाल तेव्हा निसर्ग नंतर बघा, आधी संडास-न्हाणीघराच्या कड्या लावून बघा. रात्री दिवा आहे का, पॅड टाकायची सोय काय, हेही तिथेच विचारा. मुली स्वतःहून सांगत नाहीत, पाणी कमी पितात आणि चौथ्या दिवशी आजारी पडतात.

आणखी एक, जे कुठल्याच छापील फॉर्ममध्ये मला दिसलं नाही. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. आरोग्याच्या फॉर्मात ते स्वतंत्र विचारा. अशा मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं, त्याला फार दमवलं किंवा एकदम गार पाण्यात उतरवलं तर असह्य वेदना उठू शकतात. त्याला घरी ठेवू नका, पण चालण्याच्या वाटा त्याच्या बेताने आखा. क्षारसंजीवनी सगळ्यांसाठीच सोबत ठेवा. पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. कोणालाही उघड्या जमिनीवर झोपवू नका, मण्यार रात्री फिरतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, हे जायच्या आधी स्वतः जाऊन विचारा.

भुसावळ जंक्शन
माझं मत पचमढी. उंची हजार मीटरच्या वर, सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर धूपगड (1,350 मीटर) तिथेच, आणि भारत स्काउट्स अँड गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही तिथेच. साहसी उपक्रमांसाठी त्यांची वेगळी संस्था आहे. म्हणजे दोर, हेल्मेट, शिकवणारी माणसं आपल्याच चळवळीतली. अर्ज जिल्हा संघटकांमार्फत करा. भुसावळला गाडीत बसलात की इटारसीमार्गे पिपरियाला उतरायचं, पुढे घाटाने साधारण 50 किलोमीटर. अडचण तिकिटांची. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात लगेच भरतं.

धुळे ट्रेकर
खासगी कॅम्पवाल्यांना सरसकट नावं ठेवू नका. रॅपलिंग आपल्या आपण शिकवायची गोष्ट नाही. फक्त कागद मागा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 साली आलं, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याला तिथेच नमस्कार करा. प्रशिक्षकाने उत्तरकाशी किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी कोर्स केलाय का, उतरणाऱ्याला दुसरा सुरक्षेचा दोर असतो का, तेही विचारा. आमच्या मुलांना एका ठिकाणी बोटिंगला नेलं, तर लाइफ जॅकेटं निम्म्यांनाच पुरतील एवढी. उरलेली मुलं आम्ही काठावरच बसवली, आयोजक वर आमच्यावरच चिडला.

चोपड्याचा स्काउटर
सगळ्यांचे आभार. पचमढी पुढच्या वर्षी, आरक्षणाची तारीख गाठून. यंदा तोरणमाळ. सुमारे 1,150 मीटर उंची आहे, रात्री तरी सुखाच्या जातील. इमारतीत मुक्काम. पहाटे साडेपाच ते नऊ चालणं, यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट असं वाटून. दुपारी सावलीत गाठी, नकाशा, प्रथमोपचार. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा बाहेर. चुली संघांच्या, आचारी नाही. तलावात कोणी उतरणार नाही. सिकलसेलचा रकाना आजच फॉर्मात घातला. आता शहाद्याहून वर घाटाला मोठी बस न्यावी की लहान गाड्या?

शहाद्याचा आप्पा
लहान गाड्या न्या सर, वळणं फार आहेत. शहाद्यापर्यंत एसटी हवी असेल तर प्रासंगिक करारासाठी (अख्खी बस भाड्याने घेण्यासाठी) या आठवड्यातच आगारात जा. मे महिना लग्नसराईचा, नंतर विचारलं तर वऱ्हाडं आधीच गाड्या घेऊन गेलेली असतात. आणि भाजीपाला शहाद्यातच भरून घ्या, वर सगळं मिळेल या भरवशावर राहू नका.